मनगटाची फिरकी

क्रिकेटवरील भाषण म्हटलें कीं मोठमोठ्या फलंदाजांचीं नांवें आणि त्यांच्या धांवांचे आकडे ऐकावयास मिळतील, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज बोलणार आहें तें मनगटाविषयीं. मनगटाच्या झटक्यानें चेंडू फिरविण्याची जी विद्या आहे, जिला आपण इंग्रजी नांवानेंच लेगब्रेक म्हणतों, ती मूल शिकतें कशी आणि शिक्षकानें ती शिकवावी कशी, एवढाच माझा विषय आहे. मी स्वतः नांवाजलेला खेळाडू नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि त्यापुढें चित्रकलेच्या परीक्षा. एका शाळेंत तीसांहून अधिक वर्षें मुलांना चित्रकला शिकविली. खेळाच्या शिक्षकाची जागा वारंवार रिकामी पडे, आणि मास्तरमंडळींत चेंडू नीट धरतां येणारा मी एकटाच. म्हणून शाळेचा क्रिकेटचा संघ माझ्या गळ्यांत पडला, तो निवृत्त होईपर्यंत सुटला नाहीं.

आरंभींच एक अडचण सांगून टाकतों. वर्गांत मी फळ्यावर हात काढून दाखवीत असें. येथें फळा नाहीं. म्हणून माझी विनंती आहे कीं ज्यांच्या घरांत एखादें मोसंबें असेल त्यांनीं तें हातांत घ्यावें. गृहिणींनीं क्षमा करावी. फळ पुन्हां टोपलींत जाईल, फार तर किंचित् मऊ होऊन.

मोसंबें उजव्या हातांत धरा. तर्जनी आणि मधलें बोट हीं दोन्हीं फळाच्या वरून, थोडीं फांकवून, पसरा. अनामिका, म्हणजे ज्या बोटांत आपण अंगठी घालतों तें बोट, सांध्यांत दुमडून फळाच्या कुशीला लावा. अंगठा नुसता टेकलेला असूं द्या. त्यानें दाबूं नये. करंगळीला आज सुट्टी आहे. मोसंब्याच्या जागीं चेंडू असता तर पहिलीं दोन बोटें त्याच्या शिवणीवर आडवीं आलीं असतीं, आणि दुमडलेल्या अनामिकेची कड त्या शिवणीला लागून राहिली असती. आतां मनगट आंत वळवा, इतकें कीं तळहात आपल्या स्वतःकडे यावा. मग बरणीचें झांकण उघडतांना हात ज्या दिशेनें फिरतो त्या दिशेनें झटका देऊन फळ थोडें वर उडवा, आणि डाव्या हातांत झेला. शेवटीं उजवा तळवा जमिनीकडे वळलेला असला पाहिजे. अनामिकेनें फळाला खरी ओढ दिली असेल तर तें गरगर फिरत जाईल. नुसतेंच उडालें असेल तर मनगट अजून झोपलेलें आहे असें समजावें. माझा अनुभव असा कीं पहिल्या वीस खेपांत बहुतेकांचें मोसंबें नुसतेंच उडतें.

हीच क्रिया खांद्यावरून हात फिरवून, धांवत येऊन, बावीस यार्डांवर उभ्या असलेल्या फलंदाजापुढें करावयाची असते. असा चेंडू टप्पा पडतांच उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांकडून त्याच्या बॅटच्या बाहेरच्या कडेकडे वळतो. पण टप्प्यानंतरचें वळणें हा निम्माच भाग झाला. जोरानें फिरणारा चेंडू हवेंतहि सरळ जात नाहीं. पुढच्या बाजूस फिरत जात असेल तर तो अपेक्षेपूर्वींच खालीं येतो. बाजूस फिरत असेल तर हवेंत आधीं फलंदाजाच्या पायांकडे सरकतो, आणि टप्प्यानंतर उलट बाहेर निघतो. चेंडूच्या एका अंगाची हवा दुसऱ्या अंगाच्या हवेहून वेगळ्या गतीनें वाहते, त्यामुळें हें घडतें. फलंदाज फसतो तो बहुधा या हवेंतल्या भागांत. आणि हें सारें ज्यावर अवलंबून, ती गोष्ट एकच: चेंडूला फिरकी किती जोराची दिली आहे. नाजूकपणें फिरविलेला चेंडू कितीहि उंच टाकला तरी तो नुसता संथ चेंडू होतो.

माझी ओळख या विद्येशीं झाली ती कानांनीं. १९७१ सालच्या ऑगस्टमध्यें लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताचा इंग्लंडशीं सामना चालला होता. मी तेव्हां तेरा वर्षांचा होतों. गिरगांवांतील आमच्या चाळींत एका बिऱ्हाडीं ट्रान्झिस्टर होता, आणि त्याभोंवतीं आम्ही पंधरा-वीस पोरें बसलों होतों. इंग्रजी फारसें समजत नव्हतें. पण भागवत चंद्रशेखर यांचें नांव पुन्हां पुन्हां ऐकूं येई, आणि प्रत्येक वेळीं मोठी माणसें मांडीवर थाप मारीत. चंद्रशेखर यांनीं त्या दिवशीं ३८ धांवांत सहा गडी बाद केले, इंग्लंडचा डाव १०१ धांवांत संपला, आणि भारतानें इंग्लंडच्या भूमीवर पहिल्यानें मालिका जिंकली. लहानपणीं पोलिओनें त्यांचा उजवा हात कृश झाला होता, आणि त्याच हातानें ते गोलंदाजी करीत, हें मला दुसऱ्या दिवशीं कळलें. तो हात आम्हां पोरांना देवाच्या हातासारखा वाटूं लागला. चाळींतील प्रत्येक मुलगा आठ दिवस लेगब्रेक टाकीत होता. नवव्या दिवशीं मी एकटा उरलों.

आमच्या शेजारीं पोस्टांत नोकरी करणारे एक गृहस्थ राहत. पावसाळ्यांत ते कांगा लीगचे सामने खेळत. चिखलानें माखलेले पांढरे कपडे गॅलरींत वाळत घातलेले असत, आणि त्यावरून आम्हांला त्यांचा रविवार कसा गेला तें समजे. त्यांनीं एकदां मला दोन इमारतींमधल्या बोळांत रबरी चेंडूनें भिंतीवर मारा करतांना पाहिलें. मी खडूनें भिंतीवर तीन यष्ट्या काढल्या होत्या. ते कांहीं वेळ उभे राहिले, मग जवळ येऊन त्यांनीं हातानेंच त्या यष्ट्या पुसून टाकल्या. म्हणाले, "सहा महिने चेंडू कुठं पडतो तें बघूं नकोस. ऐकत जा." मला कांहींच कळलें नाहीं. तेव्हां त्यांनीं खरा चेंडू आणला आणि माझ्या कानाजवळून वर फिरवून उडविला. जोरानें फिरणाऱ्या चेंडूची शिवण हवा कापते, आणि त्याचा एक बारीक गुणगुणाट होतो. बोटांचाहि एक टचकन् आवाज येतो. हे दोन आवाज ऐकूं येईतों यष्ट्यांची आठवण काढावयाची नाहीं, असा त्यांचा नियम होता. मला तो आवाज पहिल्यानें ऐकूं आला तो पुढच्या फाल्गुनांत.

श्रोतेहो, सात-आठ महिने केवळ एका आवाजासाठीं! आणि टप्पा त्यानंतर शिकावयाचा. मला वाटतें, या विद्येची खरी अडचण येथेंच आहे. बोटांनीं फिरकी देणारा गोलंदाज दोन-तीन वर्षांत उपयोगाचा होतो. मनगटानें फिरविणाऱ्याचा हात सुटण्याच्या क्षणीं एवढ्या निरनिराळ्या दिशांनीं फिरत असतो कीं चेंडू सोडण्याचा क्षण केंसभर चुकला तरी तो एकतर फलंदाजाच्या छातीवर बिनटप्प्याचा जातो, किंवा गोलंदाजाच्या पायांशींच आपटतो. शिकणाऱ्याला हें दिवसांतून पन्नास वेळां लोकांदेखत सोसावें लागतें.

या विद्येच्या इतिहासांत अशा फजित्या पावलोपावलीं आहेत. गुगली, म्हणजे लेगब्रेकसारखा दिसून उलट आंत येणारा चेंडू, शोधून काढला तो बोझांके नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं. आणि तोहि मैदानावर नव्हे, टेबलावर. समोरच्या माणसाला झेलतां येऊं नये अशा रीतीनें टेबलावर टेनिसचा चेंडू टप्पा देऊन टाकावयाचा, असा तो घरगुती खेळ होता. खेळतां खेळतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं मनगट आणखी वळवून हाताची पाठ पुढें आणली तर तीच फिरकी उलट होते. १९०० सालीं लॉर्ड्सवरील सामन्यांत या चेंडूनें पहिला नामांकित बळी घेतला, तेव्हां फलंदाज ९८ धांवांवर होता आणि चेंडूनें वाटेंत चार टप्पे खाल्ले होते. लोक हंसले. पांच वर्षांनीं नॉटिंगहॅमच्या कसोटींत याच बोझांके यांनीं १०७ धांवांत ऑस्ट्रेलियाचे आठ गडी बाद केले. १९४८ सालीं ओव्हलवर ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटी डावांत शून्यावर त्रिफळाचित झाले, तोहि एरिक हॉलिस यांच्या गुगलीवर. त्या एका चेंडूमुळें त्यांची सरासरी ९९.९४ वर अडकली.

क्लॅरी ग्रिमेट यांचें उदाहरण मी मुलांच्या पालकांना मुद्दाम सांगत असें. हे गृहस्थ जन्मानें न्यूझीलंडचे. उपजीविकेसाठीं ऑस्ट्रेलियांत आले व पाट्या रंगविण्याचें काम करीत. (माझ्यासारख्या कुंचला धरणाऱ्याला त्यांच्याविषयीं आपुलकी वाटते, ती थोडी यामुळेंहि असेल.) घराच्या मागच्या आवारांत ते एकटेच चेंडू टाकीत, आणि त्यांचा पाळलेला कुत्रा चेंडू परत आणून देई. पहिला कसोटी सामना त्यांना मिळाला तो १९२५ सालीं, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं. त्या सामन्यांत त्यांनीं अकरा गडी बाद केले, आणि पुढें कसोटींत दोनशें बळींचा टप्पा गांठणारे ते जगांतील पहिले गोलंदाज झाले. शेन वॉर्न यांचें नांव तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. १९९३ सालीं मँचेस्टर येथें त्यांच्या एका चेंडूनें गॅटिंग यांच्या पायांच्या बाहेर टप्पा खाऊन उजवीकडची यष्टी उडविली, तें चित्र जगानें पाहिलें. पण त्यांचा पहिला कसोटी सामना फारसा कोणी आठवीत नाहीं. तो १९९२ च्या जानेवारींत सिडनीला आपल्याच संघाविरुद्ध झाला. आपल्या रवि शास्त्री यांनीं त्यांत २०६ धांवा काढल्या, कोवळ्या वयाच्या तेंडुलकर यांनीं नाबाद १४८. आणि वॉर्न यांना १५० धांवा मोजून एकटे शास्त्री तेवढे मिळाले. त्या दिवशीं त्यांना कोणी "फिरकी सोड, सरळ टाक" असें सांगितलें असतें आणि त्यांनीं तें ऐकलें असतें, तर पुढचे सातशें बळी कोठून आले असते? २०२२ सालीं ते अकालीं गेले, तेव्हां मीं शाळेच्या जुन्या संघाचें छायाचित्र काढून बराच वेळ पाहत बसलों होतों. त्याचें कारण पुढें सांगतों.

आपल्या मुंबईच्या सुभाष गुप्ते यांचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढें जातां यावयाचें नाहीं. मीं त्यांना खेळतांना पाहिलें नाहीं. माझ्या जन्मानंतर लौकरच ते खेळांतून बाजूस झाले. पण पोस्टांतल्या त्या शेजाऱ्यांच्या बोलण्यांत गुप्ते नेहमीं असत. देहानें किरकोळ, पण चेंडूला उंची देण्यांत अत्यंत धीट. १९५२-५३ च्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत पांच कसोटींत त्यांनीं सत्तावीस बळी घेतले. १९५८ सालीं कानपूरला त्याच वेस्ट इंडीजचे एका डावांत नऊ गडी १०२ धांवांत बाद केले. कसोटीच्या एका डावांत नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. आणि तो सामना आपण हरलों. छत्तीस कसोटींत त्यांचे बळी १४९ झाले. सोबर्स यांच्यासारख्या थोर खेळाडूनें त्यांना लेगस्पिन गोलंदाजांत सर्वश्रेष्ठ मानलें, तरी आपल्याकडील तरुणांना त्यांचें नांव सांगावें लागतें. ते पुढें त्रिनिदाद बेटांत स्थायिक झाले आणि २००२ सालीं तेथेंच वारले.

आतां त्या छायाचित्राविषयीं.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं सातवींतला एक मुलगा माझ्या संघांत आला. बारा वर्षांचा, अंगानें लहान, बोटें मात्र लांब. त्याला कोणी कांहीं शिकविलें नव्हतें. गल्लींत खेळतां खेळतां त्याचें मनगट आपोआपच वळूं लागलें होतें. त्याचा पहिला चेंडू मीं पाहिला तो चटईवर पडून यष्टिरक्षकाच्या उजव्या हातालाहि लागला नाहीं, असा बाहेर गेला. मी अंपायरच्या जागीं उभा होतों, आणि मला तो आवाज ऐकूं आला. ज्यासाठीं मला सात-आठ महिने लागले होते, तो त्या पोराच्या हातांत उपजत होता.

त्याच वर्षीं आम्ही एका आंतरशालेय स्पर्धेंत उपांत्य सामन्यापर्यंत पोंचलों. शाळेनें यापूर्वीं अशी मजल मारली नव्हती. मीं त्याला चेंडू दिला. तीन षटकांत त्यानें चौतीस धांवा दिल्या. दोन चेंडू बिनटप्प्याचे गेले, एक तर फलंदाजाच्या डोक्यावरून गेला. बाहेर बसलेले लोक ओरडत होते. मधल्या सुट्टींत मीं त्याला सर्व मुलांच्या देखत म्हटलें, "अरे, तें फिरवणं राहूं दे! आधीं सरळ टाकायला शीक." तो "होय, सर" म्हणाला. तो आज्ञाधारक मुलगा होता, तेंच नडलें.

पुढचे चार महिने मी खेळपट्टीवर हातरुमाल पसरून ठेवी, आणि तो त्यावर चेंडू टाकी. रुमालावर चेंडू पाडावयाचा तर मनगट जितकें कमी वळवाल तितकें सोपें. मुलाला हें कोणी सांगावें लागत नाहीं. त्याचा हातच तें शोधून काढतो. दुसऱ्या वर्षीं तो षटकाला दोन-तीन धांवांपेक्षां अधिक देईना. आम्हीं एक चषक जिंकला. माझा सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. चेंडू आतां वळत नाहीं, हें कोणाच्याहि लक्षांत आलें नाहीं. आणि ज्याच्या लक्षांत यावयास पाहिजे होतें तो शाल पांघरून बसला होता. पुढें मुलगा पंधरा वर्षांचा झाला, समोरचे फलंदाजहि दांडगे झाले, आणि नेमक्या टप्प्याचा तो निरुपद्रवी चेंडू ते पुढें येऊन सीमेपार मारूं लागले. दहावीच्या वर्षीं त्यानें खेळ सोडला. अभ्यासाचें निमित्त झालें. मीं एकदां त्याला म्हटलें, "जरा पूर्वीसारखा फिरवून पाहा." त्यानें चार चेंडू टाकले, आणि हात खालीं केला. मनगट तें विसरून गेलें होतें.

मी चित्रकलेचा शिक्षक. वर्गांत पहिल्याच दिवशीं मुलाच्या हातीं पट्टी दिली तर त्याची रेघ सरळ येते आणि हात कायमचा आंखडतो, हें मी दरवर्षीं नव्या शिक्षकांना सांगत असें. मोकळ्या हातानें मोठीं वर्तुळें काढूं द्या, वांकडीं आलीं तरी चालतील, असा माझा आग्रह. तेंच शहाणपण चार भिंतींबाहेर येतांच मी विसरलों.

त्यानंतर मीं माझी पद्धत बदलली. ती सांगतों, कारण ऐकणाऱ्यांत कोणी आईबाप किंवा शिक्षक असतील. लहान मुलाला बावीस यार्ड अंतर देऊंच नये. बारा-चौदा यार्डांवरून, उभ्या उभ्या, नुसतें मनगट वापरून चेंडू समोरच्या सोबत्याकडे फिरवीत टाकावयाचा. त्यानें तसाच परत टाकावयाचा. हा खेळ दोघांना तासभर पुरतो. चेंडूहि वयाप्रमाणें असावा. मोठ्यांचा चेंडू साडेपांच औंसांहून जड असतो, तर तेरा वर्षांखालील मुलांचा पावणेपांच औंसांचा मिळतो, आणि लहान हातांत जड चेंडू दिला कीं बोटें त्याला नुसतीं कवटाळतात. एका बाजूस चेंडूवर रंगाचा पट्टा ओढावा, म्हणजे तो कसा फिरतो तें मुलाला स्वतःलाच दिसतें, आणि मास्तरांचें बोलणें निम्मे कमी होतें. पुढें दोन काठ्यांना दोरी बांधून ती फलंदाजाच्या पुढें कांहीं यार्डांवर, त्याच्या डोळ्यांच्याहि वर येईल अशी ताणावी, आणि चेंडू त्या दोरीवरून जाऊन फलंदाजाच्या अलीकडे पडला पाहिजे, एवढाच पण लावावा. फिरकी असल्याशिवाय तो तसा खालीं येतच नाहीं. रुमाल मीं पुन्हां कधीं पसरला नाहीं, असें नाहीं. पण तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं, आणि चेंडू फिरतो आहे कीं नाहीं याकडे कान ठेवून.

गुगलीविषयीं मात्र मी अत्यंत कडक आहें. प्रत्येक मुलाला ती पहिल्याच आठवड्यांत हवी असते, कारण तींत गंमत आहे, समोरचा सोबती फसतो. पण गुगलीसाठीं मनगट जितकें वळवावें लागतें तितकें वळविण्याची संवय एकदां जडली कीं तें परत येत नाहीं, आणि मूळचा लेगब्रेक हरवतो. इंग्लंडचे इयन पीबल्स यांची हीच गत झाली. १९३० सालीं मँचेस्टरला त्यांनीं ब्रॅडमन यांना फसविलें, आणि तो झेल टिपला आपल्या दुलीपसिंहजींनीं. पण गुगलीच्या अतिरेकानें पुढें त्यांचा लेगब्रेकच गेला. म्हणून लेगब्रेक दोन वर्षें स्थिर झाल्यावांचून मी गुगली दाखवीत नसें. मुलें चोरून टाकीत, तें मला दिसे. त्याकडे मी काणाडोळा करीं. मुलांना एवढी चोरी असावी.

सर्वांत अवघड शिष्य म्हणजे संघाचा कर्णधार. मनगटाच्या गोलंदाजाला दोन चौकार बसतांच कर्णधार चेंडू काढून घेतो. मीं असा नियम केला होता कीं त्याला दिलेलीं षटकें, कांहींहि होवो, पुरीं करूं द्यावयाचीं. या नियमामुळें आम्ही कांहीं सामने हरलों. मुख्याध्यापकांनीं मला बोलावून विचारलें, तेव्हां मीं खरें तें सांगितलें. त्यांना तें पटलें नाहीं, आणि त्यांच्या जागीं मी असतों तर मलाहि पटलें नसतें.

येथें कोणी म्हणेल कीं अनिल कुंबळे यांचें काय? त्यांचा चेंडू फारसा वळत नसे, तरी कसोटींत त्यांनीं ६१९ बळी घेतले, आणि १९९९ सालीं दिल्लीला पाकिस्तानचा अख्खा डाव, दहाच्या दहा गडी, एकट्यानें गुंडाळला. आक्षेप बरोबर आहे. पण कुंबळे यांची उंची, हाताचा वेग आणि चेंडूची उसळी हीं सामान्य मुलाजवळ नसतात. त्यांचें पाहून टप्पा धरणारीं आणि फिरकी सोडणारीं पुष्कळ मुलें मीं पाहिलीं. दुसरा कुंबळे मला दिसला नाहीं. वीस षटकांचे सामने आले तेव्हां मला वाटलें होतें कीं आतां ही विद्या बुडाली. माझा अंदाज साफ चुकला. तडाखेबंद फलंदाजाला अडविण्यास त्याच्यापासून दूर वळणारा चेंडूच उपयोगी पडतो, हें कर्णधारांना उमगलें, आणि मनगटाचे गोलंदाज पुन्हां शोधले जाऊं लागले. २०२० सालच्या फेब्रुवारींत सिडनीला आपल्या पूनम यादव यांनीं महिलांच्या विश्वचषकांत ऑस्ट्रेलियाचे चार गडी १९ धांवांत बाद केले. त्यांचा चेंडू इतका संथ आणि उंच येई कीं पाहणाऱ्याला तो टप्प्यापूर्वींच थांबेल कीं काय असें वाटावें. तो सामना मीं घरीं एकट्यानें पाहिला आणि एकट्यानेंच टाळ्या वाजविल्या.

निवृत्तीनंतर आमच्या उपनगरांतील मैदानावर रविवारीं सकाळीं मी कांहीं मुलांना शिकवितों. फी नाहीं, चेंडू ज्याचे त्यानें आणावे. गेल्या वर्षीं दिवाळीनंतर एक गृहस्थ आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा हात धरून आले. मला वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलंत का?" लांब बोटांवरून ओळखलें. तो आतां एका बँकेंत आहे, थोडा सुटला आहे, केंस विरळ झाले आहेत. मला काय बोलावें तें सुचेना. त्यानेंच सांगितलें कीं हिला फिरकी शिकावयाची आहे, हट्ट धरून बसली आहे. जुन्या गोष्टी त्यानें काढल्या नाहींत. मला मात्र त्या काढल्यावांचून राहवेना. मीं म्हटलें, "तुझ्या बाबतींत माझी चूक झाली." त्यानें मान हलविली आणि म्हणाला, "सर, तेव्हां आपण जिंकलों होतों कीं!" चषकाचें तें वर्ष त्याच्या आयुष्यांतलें सर्वांत आनंदाचें वर्ष होतें, असें त्यानें मला सांगितलें. यावर मीं काय उत्तर द्यावें, हें मला अजूनहि सुचलेलें नाहीं.

मुलीला मीं चौदा यार्डांवरून चेंडू टाकावयास सांगितला. पहिला चेंडू जाळीच्या वरून शेजारच्या गुलमोहराखालीं गेला. दुसरा तिच्याच पायांशीं आपटला. तिसऱ्याच्या वेळीं मीं कान टवकारले. कांहीं ऐकूं आलें नाहीं, पण मनगट वळत होतें. चौथा चेंडू पुन्हां जाळीवरून गेला, आणि मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "अगं, फिरवणं राहूं दे! आधीं सरळ टाक."

माझेच शब्द, माझ्याच आवाजांत. मुलीनें वळून वडिलांकडे पाहिलें, मग माझ्याकडे. मीं तिला कांहींच सांगितलें नाहीं. यष्टिरक्षणाचे हातमोजे उचलले, ते त्याच्या हातीं दिले, आणि त्याला यष्ट्यांच्या मागें नेऊन बसविलें. तेथून बोलण्यास सवड मिळत नाहीं. पुढच्या अर्ध्या तासांत त्यानें गुलमोहरापर्यंत सहा फेऱ्या घातल्या. त्यानंतरचा एक चेंडू मात्र चटईवर पडून असा वळला कीं त्याचे दोन्हीं हात डावीकडे राहिले आणि चेंडू उजव्या अंगानें मागें गेला. तो उठला नाहीं. मोजे तसेच जमिनीला टेकवून, चेंडू गेला त्या दिशेकडे पाहत राहिला. मुलगी विचारीत होती, "बाबा, सरळ नाहीं ना गेला?"

"नाहीं," तो म्हणाला, आणि चेंडू आणावयास गेला.